नाक्यावरच्या बायका : पंचावन्न सेंटिमीटर

पॅलेस्टिनी मजुरांना इस्रायलमध्ये कामाचे परवाने मिळवून देणाऱ्या दलालांवर आज लिहायचं कबूल केलं होतं. ते पुढच्या आठवड्यावर ढकलतो आहे. सोलापूरच्या एका निवृत्त एसटी वाहकाचं पत्र आलं आणि मी फाटकातच अडकून पडलो. ते विचारतात, ‘कलंदियाच्या इस्रायली लष्करी नाक्यावरच्या रांगेवर एवढं लिहिलंत, पण ते फिरतं फाटक नेमकं कसलं? पुण्या-मुंबईच्या मेट्रोत असतं तसं का?’ दारात उभं राहून आयुष्यभर माणसं मोजलेल्या माणसालाच सुचावा असा प्रश्न.

तसं नाही. मेट्रोचं फाटक कमरेपर्यंत येतं, नाक्यावरचं माणसाच्या डोक्याच्याही वर जातं. मधोमध खांब आणि त्याला वरपासून खालपर्यंत आडवे लोखंडी दांडे. दोन दांड्यांमधल्या खणात एकानं शिरायचं आणि दांडा ढकलत पलीकडे निघायचं. फिरवायचं मजुरानं, पण कळ आत बसलेल्या सैनिकाच्या हातात. त्यानं ती बंद केली की माणूस जिथे असेल तिथे थांबला. अर्धा आत, अर्धा बाहेर.

आता माप. वास्तुरचनाकार एयाल वाइझमन यांनी २००७ सालच्या ‘हॉलो लँड’ या पुस्तकात ते दिलं आहे. खुद्द इस्रायलमध्ये विद्यापीठं, पोहण्याचे तलाव, रेल्वे स्थानकं अशा ठिकाणी या दांड्याची लांबी ७५ ते ९० सेंटिमीटर असते. पश्चिम किनारा आणि गाझातल्या नाक्यांसाठी लष्करानं ती ५५ करून घेतली. म्हणजे अडीच वीतसुद्धा नाही. हेतू असा, की दांडा अंगाला घासून जावा आणि कपड्यांखाली काही दडवलेलं असेल तर कळावं. झडती घ्यायला हात लावायला नको, लोखंडच ते काम करील.

कागदावर युक्ती नामी. प्रत्यक्षात काय झालं, ते नाक्यांवर लक्ष ठेवणाऱ्या मख्सोम वॉच या इस्रायली गटातल्या बायकांनी टिपून ठेवलं. जाड माणसं खणात अडकत. म्हाताऱ्या बायका अडकत, कडेवर मूल असलेल्या आया अडकत. पिशव्या दांड्याखाली फरफटत जात, फुटत आणि आतलं सामान जमिनीवर सांडे. एकाला सोडवेपर्यंत मागची रांग तुंबायची. पहाटे तीनला घरून निघालेल्या गवंड्याचा कंत्राटदाराच्या गाडीपर्यंत पोचायचा वेळ टळला, की त्या दिवसाची मजुरी गेली. म्हणजे सुरक्षेसाठी कापलेल्या त्या वीस-पस्तीस सेंटिमीटरांनी गर्दी वाढवली, आणि गर्दीत सुरक्षा कसली राहते?

‘नुसतं उभं राहून, टिपून काय होतं?’ हा प्रश्न लेखमाला सुरू झाल्यापासून अनेकांनी विचारला आहे. माझं उत्तर या फाटकात आहे. २००१ साली या बायका नाक्यांवर जायला लागल्या तेव्हा सैनिकांचा उर्मटपणा थोपवावा, अडलेल्याची रदबदली करावी, असंच त्यांच्या मनात होतं. उर्मटपणाची तक्रार केली, की चौकशी करू म्हणता येतं. पण कागद तपासायच्या किती खिडक्या उघड्या होत्या, रांगेत शिरलो तेव्हा घड्याळात किती वाजले होते आणि बाहेर पडलो तेव्हा किती, याच्या वर्षानुवर्षांच्या नोंदी झटकणं अवघड. या बायका रांगेत स्वतः उभ्या राहून वेळ मोजत. बेथलेहेमच्या ३०० क्रमांकाच्या नाक्यावर जागतिक चर्च परिषदेचे परदेशी स्वयंसेवक हातातल्या खटक्याच्या यंत्रावर माणसं मोजायचे. वाहकसाहेबांना हे काम नक्की पटेल. त्या नाक्यावर रविवारची पहाट सगळ्यात वाईट, कारण इस्रायलचा कामाचा आठवडा रविवारी सुरू होतो.

२०१९ मध्ये कलंदिया आणि बेथलेहेम दोन्हीकडे नवी यंत्रणा आली. कार्ड टेकवायचं, यंत्राकडे चेहरा करायचा, फाटक उघडतं. तासांची रांग मिनिटांवर आली. हे बायकांच्या नोंदींचं यश म्हणायचं का? थोडंफार असेल. मला विचाराल तर वेळेवर मजूर हवे असलेल्या बांधकाम व्यावसायिकांचा वाटा त्यात मोठा. शिवाय रांग आटोपली तरी चेहरा यंत्रात जमा झाला, तो पुसून घ्यायची सोय मजुराला नाही. परवाना रद्द झाला तर झटपट उघडणारं फाटकही बंदच.

आणि तेच झालं. ७ ऑक्टोबर २०२३ च्या हमासच्या हल्ल्यापूर्वी इस्रायलमध्ये आणि इस्रायली वसाहतींमध्ये मिळून पश्चिम किनाऱ्यावरचे दीड लाखाच्या आसपास मजूर कामाला जात. त्या दिवसानंतर परवाने थांबले. रिकामी पडलेली घमेली उचलायला माणसं हवीत म्हणून २०२४ च्या जानेवारीत रोहतक आणि लखनौला भरती झाली आणि सप्टेंबरात पुण्यात. सेंट्रिंग, सळया वाकवणं, गिलावा, फरशी या चार कामांच्या चाचण्या घेतल्या गेल्या. आपली ही माणसं विमानानं उतरतात, त्यांच्या वाटेत हे फाटक येत नाही. नोकरीसाठी मध्यस्थाला पैसे मोजायची वेळ मात्र दोघांवरही येऊ शकते. पुढच्या रविवारी दलालांवरच लिहितो.