सुटीचा आठवडा आणि प्रवासाचा भाव

१९७३च्या अखेरीस अरब तेलउत्पादक राष्ट्रांनी उत्पादनाला कात्री लावली, खनिज तेलाचे भाव काही महिन्यांतच चौपट झाले आणि पश्चिम युरोपातील सरकारांना इंधन वाचविण्याचे नाना उपाय योजावे लागले. ऑस्ट्रियाने १९७४च्या फेब्रुवारीत शाळा एक आठवडा बंद ठेवल्या. वर्ग उबदार ठेवण्यासाठी जळणारे तेल वाचावे, हाच त्यामागील हेतू होता आणि म्हणून त्या सुटीला 'ऊर्जा-सुटी' असे नाव पडले. तेलाची टंचाई सरली. सुटी मात्र कायम राहिली. स्वीडनची कथा याहून जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४० साली, शाळांच्या भट्ट्यांना लागणारा कोक वाचविण्यासाठी तेथील शाळा हिवाळ्यात बंद ठेवण्यात आल्या आणि त्या 'कोक-सुटी'चीच पुढे 'क्रीडा-सुटी' झाली. टंचाईच्या काळात तात्पुरती म्हणून आलेली व्यवस्था टंचाई संपल्यावरही टिकते आणि तिच्याभोवती एक नवी बाजारपेठ उभी राहते, ती अशी. आज फेब्रुवारी उजाडला की युरोपातील असंख्य आईबापांना एकच विवंचना पडते: मुलांना घेऊन तीन-चार दिवस कोठे जावे?

ज्यांना ऐपत आणि हौस दोन्ही आहे, ते आल्प्सच्या बर्फाकडे धाव घेतात. परंतु बर्फावरील खेळ हा खर्चिक मामला आहे. घसरपट्ट्या, बूट व कपडे भाड्याने घ्यावयाचे, डोंगरावर नेणाऱ्या पाळण्याचा पास काढावयाचा, मुलांसाठी शिक्षक लावावयाचा; चार माणसांच्या कुटुंबाचे महिन्याचे अंदाजपत्रक एका आठवड्यात कोलमडते. शाळाशिक्षक, कारकून, परिचारिका अशा मध्यमवर्गीयांना त्यामुळे परवडते ती एखाद्या परक्या शहराची छोटी सहल. लिस्बन की व्हिएन्ना, सेव्हिल की कोपनहेगन, अशी चर्चा घराघरांतून चालते. प्रवासविषयक पुरवण्यांतून सल्लाही शहराविषयीच दिला जातो. वस्तुतः कुटुंबाच्या खिशाला किती चाट बसणार, हे शहरापेक्षा आठवड्यावर अधिक अवलंबून असते. आणि तो आठवडा निवडणे आईबापांच्या हाती नसते. तो सरकार ठरविते.

विमानातील आसने आणि हॉटेलातील खोल्या यांची संख्या एका आठवड्यापुरती वाढविता येत नाही. मागणी एकदम उसळली की दोनच मार्ग उरतात. भाव स्थिर ठेवून रांग लावावयाची, किंवा भाव वाढवून रांगच मोडून काढावयाची. आपल्या रेल्वेच्या साध्या आरक्षित डब्याचे भाडे मे महिन्यात आणि ऑगस्टमध्ये सारखेच असते. म्हणून मे महिन्यात प्रतीक्षायादी लांबते. युरोपातील विमान कंपन्यांनी दुसरा मार्ग पत्करला आहे. १९९३ पासून युरोपीय समुदायातील हवाई वाहतूक टप्प्याटप्प्याने खुली झाली, १९९७ पासून कोणत्याही सदस्य देशाच्या कंपनीला दुसऱ्या देशाच्या अंतर्गत मार्गावरही विमाने चालविण्याची मुभा मिळाली, आणि स्वस्त तिकिटांचे युग आले. परंतु हे स्वस्त तिकीट बहुधा नोव्हेंबरातील एखाद्या मंगळवारचे असते, हे विसरून चालणार नाही. शाळकरी मुलांच्या पालकांची मागणी अर्थशास्त्राच्या भाषेत ताठर असते. त्यांना दुसरा आठवडा उपलब्धच नसतो, आणि विक्रेत्याला ते पक्के ठाऊक असते.

सुटीची वाटणी कशी केली आहे, याला म्हणूनच फार महत्त्व येते. फ्रान्सने देशाचे तीन विभाग पाडले असून त्यांच्या दोन-दोन आठवड्यांच्या हिवाळी सुट्या एका मागोमाग एक सरकत जातात. ऑस्ट्रियातील प्रांतांचेही तीन गट आहेत. नेदरलँड्समध्ये तीन भूभागांना सुटी एकाच वेळी मिळत नाही. जर्मनीत हा विषय राज्यांच्या अखत्यारीत आहे. सॅक्सनीला दोन आठवडे मिळतात, बव्हेरियाला कार्निव्हलचा आठवडा मिळतो, आणि काही राज्यांत फेब्रुवारीची सुटी जवळजवळ नाहीच. या सर्व व्यवस्थांमागे रस्त्यांवरील व डोंगरांतील गर्दी विभागण्याचा विचार आहे. भावाचे शिखर त्यामुळे नाहीसे होत नाही, पण पसरट होते.

इंग्लंडमध्ये मात्र सत्राच्या मध्यावर येणारी ही सुटी फेब्रुवारीच्या मध्यास, बहुतेक ठिकाणी एकाच आठवड्यात पडते. एका आठवड्यात अवघा देश प्रवासाला निघतो आणि त्याच्या आगेमागे विमाने निम्म्या भावात जाताना दिसतात. मग एखाद्या पालकाच्या मनात येते की मुलाची शाळा चार दिवस बुडाली तर काय बिघडले? २०१३ पर्यंत मुख्याध्यापकांना विशेष कारणासाठी वर्षाकाठी दहा दिवसांपर्यंतची अशी रजा मंजूर करता येत असे. त्या वर्षीच्या सप्टेंबरपासून ही सवलत गेली आणि केवळ 'अपवादात्मक परिस्थिती' उरली. सुटीतला स्वस्त प्रवास हा अर्थातच अपवाद ठरत नाही. २०१५ साली वाइट बेटावरील एका पित्याने मुलीला शाळेच्या दिवसांत फ्लॉरिडाला नेले, दंड भरण्यास नकार दिला आणि प्रकरण न्यायालयात गेले. मुलीची एकूण उपस्थिती नव्वद टक्क्यांहून अधिक होती, हा त्याचा बचाव २०१६ मध्ये उच्च न्यायालयात टिकला. परंतु ६ एप्रिल २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निर्णय फिरविला. 'नियमित उपस्थिती' म्हणजे शाळेने घालून दिलेल्या नियमांनुसार उपस्थिती, असा अर्थ न्यायालयाने लावला.

ऑगस्ट २०२४ पासून हा दंड ६० पौंडांवरून ८० पौंडांवर गेला आहे. दहा आठवड्यांत पाच दिवस विनापरवाना गैरहजेरी भरली की तो आकारण्याचा विचार होतो. आणि तो दर मुलामागे, दर पालकामागे असतो. म्हणजे दोन मुलांच्या आईबापांना मिळून ३२० पौंड, तेही एकवीस दिवसांच्या आत भरले तर. उशीर झाल्यास दुप्पट. हा आकडा पाहून पालक घाबरतील, असा शासनाचा कयास असावा. पण हिशेबी पालक घाबरण्याऐवजी बेरीज-वजाबाकी करतो. सुटीच्या आठवड्यातील तिकिटे व हॉटेल यांचा वाढीव खर्च दंडाहून अधिक असेल, तर दंड ही त्याच्या दृष्टीने शिक्षा राहत नाही. ती एक किंमत होते. हैफा शहरातील दहा पाळणाघरांत झालेला, २००० साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना परिचित आहे. मुलांना उशिरा न्यायला येणाऱ्या पालकांना काही पाळणाघरांनी दंड लावला, तेव्हा उशीर कमी होण्याऐवजी वाढला. आणि दंड उठविल्यावरही तो पूर्वपदावर आला नाही. पूर्वी बाईंना तिष्ठत ठेवण्याची लाज वाटत असे. पैसे भरताच लाज फिटली.

याचा अर्थ शाळा बुडविणाऱ्यांची बाजू न्याय्य आहे, असा मुळीच नव्हे. तीस मुलांच्या वर्गातून दर आठवड्याला दोघे-तिघे गळू लागले तर मागे पडलेला धडा पुन्हा शिकविण्याचा भार शिक्षिकेवर पडतो, आणि उरलेल्या मुलांचा वेळ त्यात जातो. हा खर्च कोणाच्याही तिकिटावर छापलेला नसतो. तक्रार निराळी आहे. सुखवस्तू घराला चढा भाव परवडतो आणि दंडही परवडतो. तळाच्या घराला दोन्ही परवडत नाहीत, म्हणून त्याची मुले घरीच राहतात आणि त्यांची हजेरी निष्कलंक दिसते. दंड आणि बाजारभाव या दोहोंचा भार अशा रीतीने एकाच दिशेने झुकतो.

सुटी ठरलेली आणि भाव चढलेला, या चौकटीत शहर निवडावयाचे तर काही गोष्टी पैशाइतक्याच मोलाच्या ठरतात. पहिली म्हणजे संध्याकाळचा उजेड. फेब्रुवारीच्या मध्याला लंडनमध्ये सव्वापाचला सूर्य मावळतो, लिस्बनमध्ये सव्वासहाला, तर सेव्हिलमध्ये सातच्या सुमारास. सेव्हिल दक्षिणेला आहे हे खरे, पण निम्मे श्रेय घड्याळाचे आहे. स्पेन भूगोलाने लंडनच्या रेखांशावर व त्याच्याही पश्चिमेला असूनही १९४० पासून मध्य युरोपची वेळ पाळतो. सहा वर्षांच्या मुलाला दुपारी झोपवून पाच वाजता पुन्हा बाहेर काढता येते की नाही, यावर सहलीचा निम्मा दिवस ठरतो. शिवाय स्पेनमध्ये देशव्यापी हिवाळी सुटी नाही. तेथील मुले शाळेत असतात आणि शहर आपल्या नेहमीच्या चालीने चालू असते. बार्सिलोनाचा मात्र अपवाद करावा. २००६ पासून तेथे फेब्रुवारीअखेरीस वा मार्चच्या आरंभी मोबाइल उद्योगाचे जागतिक संमेलन भरते, अलीकडच्या वर्षांत त्याला एक लाखाहून अधिक माणसे येतात, आणि त्या दिवसांत साध्या खोलीचा भाव ऐकून थंडीतही घाम फुटावा! व्हेनिस आणि कोलोन येथे हेच काम कार्निव्हल करतो. त्याची तारीख ईस्टरला बांधलेली असल्याने ती दर वर्षी सरकते. उलट ब्रसेल्ससारख्या कचेऱ्यांच्या शहरात शनिवार-रविवारी साहेबलोक घरी परततात आणि हॉटेले स्वस्त होतात.

मूल म्हणजे कोण, याविषयी युरोपात एकमत नाही आणि कुटुंबाचा हिशेब येथेच घसरतो. दोन वर्षे पूर्ण होताच मुलाला विमानात स्वतंत्र आसन लागते, आणि स्वस्त कंपन्या त्याचे पैसे जवळजवळ मोठ्या माणसाइतकेच घेतात. ब्रिटनचा विमानप्रवासी कर मात्र साध्या वर्गातील सोळा वर्षांखालील मुलांना २०१६ पासून माफ आहे. लंडनच्या भुयारी रेल्वेत अकरा वर्षांखालील मूल मोठ्यांबरोबर फुकट जाते. लूव्हरमध्ये अठरा वर्षांखालील सर्वांना प्रवेशमूल्य नाही, तर व्हिएन्नातील केंद्र सरकारच्या संग्रहालयांनी २०१० पासून ही मर्यादा एकोणिसावर नेली आहे. लंडनच्या राष्ट्रीय संग्रहालयांतील कायम दालने तर २००१च्या डिसेंबरपासून सर्वांनाच खुली आहेत. बुडापेस्टच्या सेचेनी स्नानगृहात गरम पाण्याच्या आशेने गेलेल्या कुटुंबाला मात्र दारावरच कळते की चौदा वर्षांखालील मुलांना आत सोडत नाहीत. जर्मन रेल्वेत मोठ्यांसोबतची चौदा वर्षांपर्यंतची मुले विनामूल्य प्रवास करतात. पण आसन राखून ठेवण्याचा कुटुंबासाठीचा एकत्रित दर २०२५च्या जूनमध्ये रद्द झाला आणि आता फुकट प्रवास करणाऱ्या मुलाच्या आसनाचेही पैसे मोजावे लागतात. एका हाताने दिले, दुसऱ्या हाताने घेतले. स्वस्त विमानाचा 'पॅरिस' विमानतळ पॅरिसपासून ८० किलोमीटरहून दूर, बोव्हे येथे असू शकतो, आणि तेथून शहरात येणाऱ्या बसला माणशी भाडे पडते, हेही याच जमाखर्चात धरावयाचे.

सीमा ओलांडण्याचा खर्च अलीकडे वाढला आहे. युरोपीय महासंघातून ब्रिटन बाहेर पडल्यानंतर फ्रेंच वा डच कुटुंबाला लंडनला जावयाचे तर २०२५च्या एप्रिलपासून तान्ह्या मुलासह प्रत्येकाला शुल्क भरून पूर्वपरवानगी काढावी लागते. लंडनमध्ये नोकरीनिमित्त राहणाऱ्या, पण पासपोर्ट भारतीयच असलेल्या मराठी कुटुंबाची अडचण आणखी वेगळी आहे. पॅरिस आगगाडीने अवघ्या अडीच तासांवर, पण शेंगेन व्हिसासाठी २०२४च्या जूनपासून मोठ्यांना ९० युरो आणि सहा ते अकरा वर्षांच्या मुलाला ४५ युरो शुल्क आहे. बारावे सरले की मूल मोठ्यांत जमा. त्यात भेटीची वेळ मिळविणे आलेच. एखाद्या घरात आईबापांचा पासपोर्ट भारतीय आणि मुलाचा ब्रिटिश असतो. मुलाला व्हिसा लागत नाही, त्याला नेणाऱ्यांना लागतो.

इंग्लंडमध्ये सुटीची विभागणी कायद्याने अशक्य आहे, असे नाही. सरकारी शाळांपैकी ज्या स्थानिक परिषदांच्या आहेत, त्यांच्या तारखा परिषदा ठरवितात. ज्या स्वायत्त आहेत, त्या स्वतःच्या तारखा स्वतः ठरवितात. अडचण व्यवहाराची आहे. शिक्षिका एका परिषदेच्या शाळेत शिकविते, तिची मुले दुसरीच्या शाळेत शिकतात. दोन्हींची सुटी जुळली नाही तर सहल दूरच, मुलांना सांभाळणार कोण? ही अडचण खरी आहे आणि चेक प्रजासत्ताकाने ती पत्करलेली आहे. तेथे फेब्रुवारीच्या आरंभापासून मार्चच्या मध्यापर्यंत जिल्ह्यांचे गट एकेक आठवडा वाटून घेतात आणि दर वर्षी त्यांचा क्रम फिरतो. ज्यांना यंदा ऐन कडाक्याचा आठवडा मिळाला, त्यांना पुढे कधीतरी मार्चचा मिळतोच. खुद्द प्राग शहराचे दोन भाग केलेले आहेत. एकाच राजधानीतील निम्मी मुले दप्तर घेऊन शाळेला जात असतात, तेव्हा उरलेली निम्मी स्थानकावर आईबापांच्या सामानावर बसून गाडीची वाट पाहत असतात.