कॅमेरा कोणता घ्यावा?

दुकानात दोन जातींचे कॅमेरे दिसतात. एक लहान, खिशात मावणारा. त्याला कॉम्पॅक्ट म्हणतात. दुसरा मोठा, गळ्यात अडकवायचा. तो डीएसएलआर. यांतला कोणता घ्यावा? पैसे मोजण्याआधी आपण विचार करू या.

चित्र उजेडाने उमटते. भिंगातून उजेड आत येतो आणि एका चौकोनी पट्टीवर पडतो. लहान कॅमेऱ्यात ही पट्टी बहुधा ६ मिलिमीटर लांब, हरभऱ्याच्या दाण्याएवढी असते. मोठ्यात ती बहुधा २२ मिलिमीटर किंवा त्याहून लांब असते. पावसात वाटी ठेवली आणि परात ठेवली, तर पाणी कशात जास्त साचेल? परातीत. उजेडाचेही तसेच आहे. म्हणून दिवेलागणीनंतर मांडवात मोठा कॅमेरा स्वच्छ चित्र काढतो. लहान्याचे चित्र रवाळ येते.

मोठ्याचे भिंग बदलता येते. पण प्रत्येक भिंगाला वेगळे पैसे पडतात. ओझेही वाहावे लागते. आता बिनआरशाचे मोठे कॅमेरेही निघाले आहेत. ते थोडे हलके असतात.

मग घ्यावे काय? घरची पोरे, जत्रा, बैलजोडी यांसाठी लहान कॅमेरा पुरे. घरात चांगला मोबाइल असेल, तर तोही नको. पण लग्नाचे फोटो काढून पोट भरायचे असेल, तर मोठा लागेल. त्यासाठी लगेच कर्ज काढू नका. आम्ही सांगतो, एक हंगाम तो भाड्याने आणा. हात बसू द्या. भाडे किती गेले, मिळकत किती झाली, ते वहीत लिहा. आता लिहिता येते ना? मग वही सांगेल तसे करा.