दीड वर्षाच्या हातांना काम

पेण किंवा रोह्यात वैशाखात एखाद्या घरी पोह्याच्या पापडांचा घाट घातला, की घरातल्या दीड-दोन वर्षांच्या मुलाचं काय करायचं हा प्रश्न आधी सोडवावा लागतो. कुणीतरी त्याला कडेवर घेऊन लांब जातं, नाहीतर मोबाइल हातात देऊन त्याला पंख्याखाली बसवलं जातं, आणि मग घर कामाला मोकळं होतं. त्याच मुलाला ‘मजा यावी’ म्हणून रविवारी तिकीट काढून मॉलमधल्या रंगीत चेंडूंच्या हौदात सोडायचं. लहान मुलाची मजा वेगळी आणि घरचं काम वेगळं, अशी आपण मनाशी वाटणीच करून टाकलेली आहे. या दोन तालुक्यांत तरी ती करायचं कारण मला दिसत नाही. इथलं वर्ष अजून बऱ्यापैकी ऋतूंच्या हिशेबानं चालतं आणि प्रत्येक ऋतूच्या घरकामात या वयाला झेपेल असं एखादं बारीकसं काम असतंच. ते शोधून मुलाच्या हातात दिलं आणि त्याला लागेल तेवढा वेळ लागू दिला, तर मुलाचीही करमणूक होते आणि मोठ्यांचीही.

मुलांना कामाची हौस असते हे आजी-आजोबांना सांगावं लागत नाही, पण त्याचा पद्धतशीर अभ्यासही झालेला आहे. हॅरिएट राइनगोल्ड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दीड, दोन आणि अडीच वर्षांची मुलं घेतली होती. मोठी माणसं झाडलोट, आवराआवर अशी रोजची कामं करू लागली, तेव्हा बहुतेक मुलं कुणी न सांगता त्यांत सामील झाली. पुढे २००६ साली फेलिक्स वार्नेकेन आणि मायकेल टोमासेलो यांनी दाखवलं, की अनोळखी माणसाच्या हातून वस्तू खाली पडली आणि त्याचा हात तिथवर पोचेना, तर दीड वर्षाचं मूल ती उचलून देतं, आणि तेही बक्षिसाशिवाय. आपल्याकडे ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम खेड्यात नेलं, तेव्हा महागड्या विलायती साधनांऐवजी शिंपले, बिया, पानं असं आसपास मिळणारं सामान मुलांपुढे ठेवलं. ती मुलं वयानं थोडी मोठी होती, पण मुद्दा तोच आहे. मुलाला हात घालायला खरं काहीतरी हवं असतं, आणि ते आणायला फार लांब जावं लागत नाही.

आता पापडांकडेच पाहा. पिठात तिखट आणि पापडखार पडण्याआधी एक लहानसा गोळा बाजूला काढून ठेवला, की मुलाचं काम तयार. मूल तो चेपतं, बोटांनी भोकं पाडतं, अर्धा खातं, उरलेला पोळपाटाला चिकटवून ठेवतं. त्याचा पापड काही उन्हात जात नाही, पण बायकांच्या गप्पांच्या मधोमध बसायचा मान त्याला मिळतो. पहिल्या पावसानंतर बाजारात कातकरी-ठाकर बायका टाकळा, कुर्डू, शेवळं घेऊन बसतात. शेवळं मुलाच्या हाती देऊ नयेत, ती खाजरी असतात. टाकळ्याची गोष्ट निराळी. कोवळी पानं देठापासून खुडणं हे अंगठा आणि तर्जनी नुकती जुळू लागलेल्या हाताला अगदी योग्य काम आहे. दहा पानं खुडायला पाव तास लागेल, त्यातली चार जमिनीवर पडतील. जुडी मोठ्यांनाच निवडावी लागणार हे धरून चालावं.

गणपतीच्या आधीचे महिने पेणमध्ये लगबगीचे. पेण शहरात, हमरापूर आणि जोह्यात कारखान्यांमधून रंगकाम आणि डोळ्यांची आखणी चाललेली असते. तिथे रंग, प्लास्टरची भुकटी आणि गिऱ्हाइकांची घाई यांच्यामध्ये तान्ह्या-रांगत्या मुलांना जागा नाही, नसावीही. मात्र ओल्या शाडूचा मूठभर गोळा ओट्यावर घेऊन कुणी मोठं माणूस शेजारी बसलं, तर तास निघून जातो. विनोबा भाव्यांचा जन्म पेण तालुक्यातल्या गागोद्याचा, ११ सप्टेंबर १८९५ चा. बालपणीच्या आठवणी सांगताना त्यांनी आजोबांच्या गणपतीबद्दल सांगितलं आहे. मूर्ती चंदनाची करायची आणि चंदन उगाळायला घरातली मुलं. फणस पिकला की आई तो फोडून गरे द्रोणांत भरी आणि आधी शेजाऱ्यांकडे वाटायला धाडी, मग घरच्यांनी खायचं. विनोबा तेव्हा दीड वर्षांचे नव्हते हे खरं, पण या घरात मुलांना रमवायला वेगळी योजना लागत नव्हती. सण आणि फळ आपापल्या वेळी येत, आणि मुलांच्या वाट्याचं काम त्यांतूनच निघत असे.

भातकापणीनंतर जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल होतो आणि थंडीत त्याच्या शेंगा भरल्या की पोपटी लागते. मडक्यात तळाला भांबुर्ड्याचा पाला, वर शेंगा, मीठ, ओवा, पुन्हा पाला, आणि मग मडकं पालथं घालून भोवती जाळ. पाण्याचा थेंबही घालत नाहीत. बाहेरून मडक्यावर पाणी शिंपडून ते चर्र करून उडालं, की झाली. शेंग उचलून मडक्यात टाकणं हे या वयाचं मूल न थकता करतं, आणि मडकं भरलं तरी त्याला आणखी टाकायच्या असतात. जाळ पेटल्यावर मात्र मुलाची जागा कुणाच्या तरी मांडीवर, पक्की. आणि शिजलेला दाणा त्याला अख्खा द्यायचा नाही. सोलून, बोटांनी पार मऊ करून द्यायचा, कारण या वयात दाणा घशात अडकणं ही नेहमीची दुर्घटना आहे.

धोक्याचा आक्षेप म्हणूनच झटकून टाकता येणार नाही. शेतातल्या चिखलपाण्यातून लेप्टो होतो, म्हणून लावणीच्या शेतात मुलाला सोडणं हा शहाणपणा नव्हे. अंगणातल्या स्वच्छ पागोळीखाली हात धरायला मात्र हरकत नाही, नंतर अंग कोरडं केलं म्हणजे झालं. पाण्याची भरलेली बादलीसुद्धा रांगत्या मुलाला बुडवू शकते. तेव्हा काम कुठलंही असो, मोठा माणूस हाताच्या अंतरावर हवाच. घरात कोंडलेलं मूल तरी निर्धास्त असतं का? जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये एक ते दोन वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला किमान तीन तास हालचाल सुचवली आणि वर्षाच्या मुलाला पडद्यापुढे बसवूच नये असं सांगितलं. कोकणातल्या चार महिन्यांच्या पावसात ते तीन तास आणायचे कुठून, याचं उत्तर ओटी, पडवी आणि तिथली कामं यांतच शोधावं लागतं.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: वेळ कुणाला आहे? बाप धाटावच्या एमआयडीसीत पाळीवर, आई पनवेलच्या गाडीत, आजी गावी. त्यात ‘मुलाला कामात घ्या’ म्हटलं की दुप्पट वेळ लागणारं काम पुन्हा आईच्याच गळ्यात पडतं. हे टाळायचं तर संथपणाचा भार वाटून घ्यावा लागेल. घाईचं काम एकानं उरकावं आणि मुलाबरोबरचं रेंगाळणारं काम दुसऱ्यानं घ्यावं. पहिल्या पाळीहून दुपारी परतलेल्या बापाला टाकळा निवडायला कुणी मनाई केलेली नाही. रोज जमणार नाही हे मान्य. पण पापड, पोपटी, शाडू ही कामं तशीही रोजची नाहीत, ती वर्षातून काही दिवसच येतात.

मुलाला यातलं काही आठवणार नाही, असाही एक मुद्दा असतो. बहुतेकांची पहिली आठवण तीन-साडेतीन वर्षांच्या आसपासची असते, त्यामुळे तो खरा आहे. पण मग पहिला वाढदिवस हॉल घेऊन का करतात? प्रसंग विसरला जातो, हातांची सवय आणि माणसांचा लळा उरतो. शिवाय मजा मोठ्यांचीही आहे आणि त्यांना ती नक्की आठवते. पावसाला घाबरून पहिल्या वर्षी आजीच्या पदरात शिरलेलं मूल दुसऱ्या वर्षी पागोळीखाली हात धरतं आणि तिसऱ्या वर्षी छत्री मागतं. ऋतू तोच परत येतो म्हणून हा फरक नजरेत भरतो.

राहता राहिले बिघडलेले ऋतू. ३ जून २०२० चं निसर्ग चक्रीवादळ रायगडकर विसरलेले नाहीत. २०२५ साली तर मोसमी पाऊस २६ मे रोजीच मुंबईत पोहोचला, म्हणजे ऐन वाळवणाच्या दिवसांत. अशा वर्षी वेळापत्रक मोठ्यांचं कोलमडतं. दोन वर्षांच्या मुलाला पाऊस लवकर आला की उशिरा, याचा पत्ताच नसतो. पापड घाईनं गच्चीवरून आत खाटेवर पंख्याखाली आणावे लागतात. तेव्हा रिकामी चाळण जिन्यातून पुढे नेऊन द्यायला एक छोटा माणूस तयारच असतो, कुणीतरी मागून हात धरला म्हणजे झालं.