अवकाळीत न पडलेलं घरटं

मार्च-एप्रिलमध्ये नागपूरच्या धरमपेठेत वादळी पाऊस झाला की सकाळी कडुनिंबाखाली एखादं घरटं पडलेलं दिसतं आणि नुकसान तेवढंच, असं वाटतं. जास्त घात होतो तो न पडलेल्या घरट्यात. लालबुड्या बुलबुलाची पिल्लं अंड्यातून निघतात ती उघडी, डोळे मिटलेली. पावसात आईनं त्यांच्यावर बसून ऊब द्यावी की अळ्या शोधायला जावं? शिवाय ओल्या गारठ्यात किडेही फारसे उडत नाहीत. फुलांतला मध पिणारा शिंजीरसुद्धा पिल्लांना भरवतो ते किडे आणि कोळीच. पिल्लांचा घरट्यातला मुक्काम जेमतेम दोन आठवड्यांचा. त्यातले दोन-तीन दिवस उपाशी गेले तर ते भरून निघणं कठीण.

कोणी म्हणेल, बुलबुल पुन्हा घरटं करतोच की. करतो, एका हंगामात दोन-तीनदाही. पण एप्रिलचा डाव मोडला तर पुढची अंडी ऐन मे महिन्यात येतात, आणि नागपूरचा मे म्हणजे 45 अंश नित्याचे. 23 मे 2013 रोजी तर पारा 47.9 वर गेला होता. अंड्यातला जीव 40-41 अंशांपलीकडे फार वेळ तगत नाही. तेव्हा पक्षी अंडी उबवत नाही, त्यांच्यावर सावली धरून बसतो. ही सावली अर्धीअधिक झुडपाच्या पानांची असते. म्हणून कुंपणाची मेंदी, मधुमालती छाटायचीच असेल तर पावसाळा सरल्यावर छाटा, आणि कात्री लावण्याआधी आत एकदा डोकावून बघा.