अळीआधी पतंग ओळखावा

कपाशीवरील गुलाबी बोंडअळी विदर्भ-मराठवाड्यातील शेतकऱ्याच्या चांगल्याच परिचयाची आहे. मात्र जिच्यातून ही अळी जन्मते ती पतंगाची मादी दिवसा पालापाचोळ्यात आणि जमिनीच्या भेगांत दडून रात्रीच उडत असल्याने सहसा नजरेस पडत नाही. भडोचहून गेलेल्या नमुन्यांवरून विल्यम विल्सन साँडर्स या इंग्रज कीटकशास्त्रज्ञाने १८४३ मध्ये या पतंगाचे प्रथम वर्णन केले. ‘पेक्टिनोफोरा गॉसिपिएला’ या आजच्या शास्त्रीय नावातील पहिल्या शब्दाचा अर्थ ‘कंगवाधारी’ असा असून, मिशीच्या बुडाच्या पेरावर कंगव्याच्या दात्यांसारखे जे पाच-सहा ताठ केस असतात, त्यांवरून तो आला आहे.

पसरलेल्या पंखांची रुंदी जेमतेम १५ ते २० मिलिमीटर, पुढचे पंख काळपट डागांचे व करड्या-तपकिरी रंगाचे, मागचे चंदेरी, टोकदार आणि केसांची लांब झालर असलेले, तर तोंडाजवळची स्पर्शके विळ्यासारखी वर वळलेली, या खुणा भिंगातून स्पष्ट दिसतात. तरीही जवळच्या जातींशी गल्लत होऊ नये म्हणून तज्ज्ञ जननेंद्रियांचे विच्छेदन करूनच अंतिम निर्णय देतात.

या ओळखीचे खरे मोल अळीच्या वागण्यातून कळते. पात्या, फुले किंवा बोंडाच्या देठाजवळ घातलेल्या अंड्यातून चार-पाच दिवसांत निघालेली अळी लगेच आत शिरते आणि बोंडावरचे सूक्ष्म छिद्र भरून येते. फुलात शिरलेली अळी पाकळ्या रेशमाने बांधून टाकते, त्या न उमललेल्या फुलाला डोमकळी म्हणतात. अळी आधी पांढरट असते व वाढीच्या अखेरीसच गुलाबी होते, म्हणजे तो रंग दिसेपर्यंत सरकी पोखरली गेलेली असते. दिवस लहान होऊ लागले की अनेक अळ्या जोडलेल्या दोन सरक्यांत सुप्तावस्थेत, म्हणजे वाढ थांबवून, महिनोन्‌महिने राहतात. त्यामुळे फरदड आणि साठवलेला कापूस पुढच्या हंगामाची कीड सांभाळतात. दोन जनुकांच्या बीटी वाणांनाही ती दाद देईनाशी झाल्याचे २०१७ च्या हंगामाने महाराष्ट्राला दाखवले.

मादीच्या गंधाची रासायनिक नक्कल १९७३ पासून ज्ञात असून कामगंध सापळ्यांत तिच्याकडे फक्त नर येतात. सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात आठ नर आढळल्यास, बोंडे वरून कितीही निरोगी दिसोत, शेतकऱ्यांनी एकरी वीस हिरवी बोंडे फोडून अवश्य पाहावीत.