रजेआधीचे एक पान

मेळघाट किंवा गडचिरोलीतल्या आरोग्य उपकेंद्रात माणसे मोजकीच. डोंगराळ, आदिवासी भागात तीन हजार लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, असा निकष आहे. तिथली आरोग्यसेविका रजेवर गेली की काम अडते. पण ते रजेमुळे नाही, सगळी माहिती एकाच डोक्यात असल्यामुळे अडते.

रजा गरजेची आहे. शिवाय थकलेल्या माणसाच्या हातून चुका होतात. म्हणून जाण्याआधी आठवडाभर एक पान लिहून काढावे. दिवस भरत आलेल्या आणि जोखमीच्या गरोदर माता कोण? क्षयरोगाच्या कोणत्या रुग्णाच्या गोळ्या कधी संपतात? पुढचे लसीकरण कोणत्या पाड्यावर? लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्येच राहायला हवी, तर ती केंद्रातून कोण आणणार? रात्री १०८ला फोन लागला नाही, तर गाडी कोणाची?

मग रजेआधीच एक दिवस बदली कर्मचाऱ्याला त्या पानावरून काम करू द्यावे. ताईंनी फक्त बघावे. त्याला जे विचारावे लागेल, ते पानात लिहायचे राहिले आहे असे समजावे आणि लगेच भर घालावी.

रजेवरच्या ताईंना एकही फोन गेला नाही, म्हणजे तयारी पक्की.