एक मीटर बाय एक मीटर

फ्लेक्सच्या दुकानात गिऱ्हाईकाला पहिला प्रश्न मापाचा असतो. वाढदिवसाचा बॅनर आठ बाय दहा, उद्घाटनाचा असेल तर थेट कमानीएवढा. हिवाळ्यात जळगाव-धुळ्याच्या या दुकानांत पाठीला सॅक आणि हातात पेनड्राइव्ह असलेलं एक निराळं गिऱ्हाईक येतं. त्याचं माप ठरलेलं असतं: एक मीटर बाय एक मीटर. नेत्याचा फोटो नको, शुभेच्छुकांची रांग नको. त्याला हवेत दोन आलेख, एक तक्ता आणि खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांतले संदर्भ. ऑपरेटर फाइल कोरलड्रॉमध्ये घेतो आणि मराठी मजकुराची जोडाक्षरं फुटतात, रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो. मजकूर युनिकोडमधला, दुकानाची सवय जुन्या फॉन्टची. मग शेजारच्या स्टुलावर बसून ओळन् ओळ दुरुस्त करणं आलं. सकाळची एसटी गाठायची असते.

हा हंगाम ‘आविष्कार’चा. महाराष्ट्रातल्या विद्यापीठांमधल्या विद्यार्थ्यांना संशोधन मांडायला व्यासपीठ मिळावं म्हणून 2006 मध्ये तेव्हाचे राज्यपाल आणि कुलपती एस. एम. कृष्णा यांच्या पुढाकारातून हे संमेलन सुरू झालं. सहा विभाग: मानव्यविद्या, भाषा व ललित कला; वाणिज्य, व्यवस्थापन व विधी; शुद्ध विज्ञान; कृषी व पशुसंवर्धन; अभियांत्रिकी व तंत्रज्ञान; वैद्यक व औषधनिर्माण. पदवी, पदव्युत्तर आणि त्यापुढचे संशोधक असे वेगवेगळे गट. आधी पोस्टर किंवा मॉडेल, त्यातून निवडलेल्यांना मंचावरून बोलण्याची संधी. खान्देशात याची सूत्रं कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाकडे असतात. पुणे विद्यापीठातून वेगळं होऊन 15 ऑगस्ट 1990 रोजी स्थापन झालेल्या आणि 2018 मध्ये बहिणाबाईंचं नाव मिळालेल्या या विद्यापीठाच्या कक्षेत जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे तीन जिल्हे येतात. आधी जिल्ह्याची फेरी, मग विद्यापीठाची, मग राज्याची. त्याच्याही पुढे भारतीय विद्यापीठ संघाचं ‘अन्वेषण’ आहे.

स्पर्धेचा दिवस एकच असला तरी खरं काम त्याच्या आधीच्या पंधरवड्यात होतं, आणि ते बहुतांशी काटछाटीचं असतं. प्रबंधाची शंभरावर पानं एका फलकावर आणायची. पहिल्या कच्च्या पोस्टरमध्ये अर्धी जागा प्रस्तावनेनं खाल्लेली असते: खान्देशची भौगोलिक स्थिती, संशोधनाचं महत्त्व, चार व्याख्या. गाइड लाल पेन घेऊन बसतात आणि आधी तीच खोडतात. मग कळतं की उरलेल्या जागेत सांगण्यासारखं किती आहे. काहींचं खूप निघतं. काहींचं फार थोडं, आणि ते त्या दिवशी पहिल्यांदाच लक्षात येतं. तयारीचा सगळ्यांत मोठा उपयोग, खरं तर, हाच.

केळीचं उदाहरण घेऊ. जळगावच्या केळीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते सगळ्यांना ठाऊक असतं. पण केळीचं झाड एकदाच घड देतं, त्यानंतर उरलेला खांब शेतकऱ्याच्या डोक्याला ताप होतो. रावेर-यावलच्या शिवारात असे खांब बांधावर सडत पडलेले दिसतात. त्यातून धागा काढायचा, तो कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात बुडवायचा, मग रेझिनमध्ये मिसळून त्याची पट्टी बनवायची आणि ती किती ताण सोसते ते यंत्रावर मोजायचं, असा प्रकल्प अभियांत्रिकीच्या विभागात शोभून दिसतो. सोडा धाग्यातला लिग्निन आणि हेमिसेल्युलोज काही प्रमाणात काढून टाकतो, पृष्ठभाग खरखरीत होतो, रेझिनची पकड वाढते. पोस्टरवर चढत जाणारा सुबक स्तंभालेख येतो. परीक्षक त्याच्याकडे बघतात आणि एवढंच विचारतात, “प्रत्येक स्तंभासाठी किती नमुने तोडले?”

हा प्रश्न साधा वाटतो, पण बरेच जण इथेच अडखळतात. नैसर्गिक धाग्याची जाडी जागोजागी बदलते. एकाच खांबातले दोन धागे सारखा ताण घेत नाहीत. एकच नमुना तोडून काढलेला आकडा म्हणजे निव्वळ योगायोग असू शकतो. सरासरीबरोबर आकड्यांचं विखुरणं किती, हे दाखवणारी छोटी उभी रेघ स्तंभाच्या डोक्यावर नसेल तर उंच स्तंभाला किंमत नाही. ज्याला हे तयारीत कोणी विचारलेलं असतं, तो आणखी नमुने तोडून येतो. बाकीचे रंग बदलून येतात.

कापसाचंही तसंच. गुलाबी बोंडअळी बोंडाच्या आत बसते, बाहेरून बोंड धडधाकट दिसतं. म्हणून शेतात कामगंध सापळे लावतात, त्यांत नर पतंग अडकतात. सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात आठ पतंग आले की नुकसानीची पातळी गाठली असं मानतात. आठवड्यागणिक पतंगांची संख्या दाखवणारा आलेख घेऊन कृषी विभागातला विद्यार्थी उभा असतो. मध्येच एका आठवड्यात रेघ एकदम वर गेलेली. पोस्टरवर त्याचं कारण नसतं. “शेजारच्या रानात फरदड होती का?” असं, म्हणजे हंगाम संपल्यावरही राखलेल्या कापसाबद्दल, परीक्षकानं विचारलं की त्या मुलाचा चेहरा खुलतो. हो, होती. कुणाच्या रानात, किती, पाणी कधी दिलं होतं, सगळं तो सांगतो. इंग्रजीत पाठ केलेलं भाषण बाजूला पडतं. ही माहिती आलेखाखाली एका ओळीत का लिहिली नाही, असं विचारलं तर उत्तर ठरलेलं: “सर, ते संशोधनात धरतात असं वाटलं नाही.” आपल्या शिवारातलं ज्ञान हे संशोधन नव्हेच, असा समज इथल्या हुशार मुलांमध्येही घट्ट बसलेला आहे. त्याला मुलांपेक्षा शिकवणारे अधिक जबाबदार आहेत.

याच्या उलट टोकाला नॅनोकणांचे पोस्टर. कडुनिंबाच्या पानांचा अर्क सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात घातला की द्रावण तपकिरी होतं, साधारण 400 ते 450 नॅनोमीटरच्या दरम्यान शोषणाचं शिखर मिळतं, चांदीचे कण तयार झाले असं म्हणता येतं. रसायन खरं आहे, प्रयोग देखणा आहे आणि दोन दिवसांत होतो. म्हणूनच तो फार जण करतात. कडुनिंबाऐवजी तुळस, तुळशीऐवजी शेवगा. पान बदललं तर नेमकं काय बदललं, असं परीक्षकानं विचारलं की समोर शांतता. कणांच्या सूक्ष्मदर्शकातल्या प्रतिमा बहुधा दुसऱ्या संस्थेतून करून आणलेल्या असतात. त्यात गैर काही नाही. पण त्या प्रतिमेवरची मोजपट्टी वाचता यायला हवी.

मानव्यविद्येच्या दालनात अडचणी वेगळ्या. धुळ्याला या बाबतीत मोठा वारसा आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे 31 डिसेंबर 1926 रोजी धुळ्यातच वारले आणि त्यांच्या कागदपत्रांभोवती राजवाडे संशोधन मंडळ उभं राहिलं. शंकर श्रीकृष्ण देवांनी रामदासी संप्रदायाची हस्तलिखितं जमवली, ती समर्थ वाग्देवता मंदिरात आहेत. एम.ए.च्या विद्यार्थ्यानं मोडी कागदाची प्रतिमा पोस्टरवर घ्यायची ठरवली तर ती व्हॉट्सअ‍ॅपवरून दुकानात पाठवू नये, डॉक्युमेंट म्हणून पाठवावी किंवा पेनड्राइव्हवर न्यावी. नाहीतर दाबलेल्या फाइलमधून मोडीचे फराटे धुकट छापले जातात. आणि प्रतिमेखाली ओळीला ओळ देवनागरी लिप्यंतर द्यावं. परीक्षक अर्थशास्त्राचे किंवा इंग्रजीचे असू शकतात.

अहिराणीवर काम करणाऱ्याला तर आवाजच कागदावर आणायचा असतो. भाषा-अभ्यासक ग्रिअर्सननं भारतीय भाषांच्या सर्वेक्षणाच्या 1907 च्या खंडात खानदेशी, म्हणजे जिच्यात अहिराणी मोडते ती भाषा, भिल्ल भाषांबरोबर ठेवली होती. 2011 च्या जनगणनेत खानदेशी बोलणारे सुमारे साडेअठरा लाख नोंदले गेले. या दोन नोंदी देऊन बहुतेक पोस्टर थांबतात. ध्वनिमुद्रणाचा क्यूआर कोड लावला, सोबत बोलणाऱ्याचं वय, गाव आणि बाहेरगावी काढलेली वर्षं दिली, की काम एकदम वेगळं दिसतं. मात्र सभागृहात नेट चालेलच असं नाही. मोबाइलमध्ये फाइल उतरवून आणि इअरफोन खिशात ठेवून जाणं शहाणपणाचं.

थोडक्यात मांडण्याचा हा खटाटोप सगळीकडेच चालतो. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठात 2008 मध्ये ‘तीन मिनिटांत प्रबंध’ अशी स्पर्धा सुरू झाली: एकच स्थिर स्लाइड, तीन मिनिटं. तिथे तेव्हा दुष्काळ होता, अंघोळ तीन मिनिटांत उरकावी म्हणून लोक न्हाणीघरात वाळूचं घड्याळ ठेवत, त्यावरून ही कल्पना सुचली म्हणतात. टँकरची वाट बघितलेल्या खान्देशी वाचकाला ती पटकन कळेल. 2019 मध्ये अमेरिकेतल्या माइक मॉरिसन या संशोधकानं पोस्टरच्या मधोमध मुख्य निष्कर्ष साध्या भाषेत, मोठ्या अक्षरांत छापावा असं सुचवलं, तेही बरंच गाजलं. आपल्याकडे मधोमध अजून विद्यापीठाचं बोधचिन्ह असतं.

एक कटू गोष्ट सांगायलाच हवी. 2016 च्या नियमांप्रमाणे पीएच.डी.चा प्रबंध सादर करण्यापूर्वी परिषदांत दोन सादरीकरणं सक्तीची होती. नोव्हेंबर 2022 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगानं ती सक्ती काढली. मधल्या काळात प्रमाणपत्रासाठी पेपर वाचण्याची सवय लागली ती लागलीच: दहा जणांचं सत्र, रिकाम्या खुर्च्या, प्रश्न नाही, चहा. आविष्कारची पोस्टर फेरी त्याहून बरी, कारण तिथे निदान कोणी तरी समोर उभं राहून विचारतं.

म्हणून महाविद्यालयांनी एक करावं. नोव्हेंबरात, फ्लेक्स छापण्याच्या कितीतरी आधी, ए-फोर कागदांवर चिकटवलेलं कच्चं पोस्टर भिंतीवर लावून मुलांना उभं करावं आणि प्रश्न विचारायला दुसऱ्या विभागातले शिक्षक बोलवावेत. रसायनाच्या मुलीला इतिहासाच्या सरांनी विचारावं, मराठीच्या मुलाला संख्याशास्त्राच्या मॅडमनी. खर्च शून्य, वेळ एक दुपार. उणे नमुने भरून काढायला त्यानंतरही महिना हाताशी राहतो. स्पर्धेच्या आदल्या रात्री फ्लेक्सच्या दुकानात तो राहत नाही.